जमीन गार होईपर्यंत

नारिंगी. तांबडा म्हणता येणार नाही असा, मसुरीच्या डाळीच्या रंगाचा आणि जेमतेम तेवढाच एक दिवा भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनात लागला होता, आणि विभाला तो खोटा वाटत होता. काल संध्याकाळी ती आली तेव्हा तो लागत नव्हता. बटण दाबलं की एक आकडा लुकलुकायचा, घरामागची पेटी एकदा खाकरायची आणि गप्प व्हायची, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, अगं मेलंय ते, कितीदा दाबशील. आज सकाळी गॅसच्या दुकानाचा माणूस आला, घरामागे जाऊन त्याने पेटीचं झाकण काढलं, कशात तरी पाणी ओतलं, आणि मेलेलं उठून बसलं. एवढंच? जानेवारीपासून मेलेलं, आणि त्याला नुसतं पाणी हवं होतं?

दिव्याखालच्या बटणावर बाबांच्या अक्षरातली पट्टी होती – ‘जमीन’. त्याच्या वरच्या बटणावर ‘पाणी’. भूकंपानंतर कोबेतलं हे घर नव्याने बांधलं तेव्हाच्या त्या पट्ट्या. आईला तोवर जपानी अक्षरं चांगली वाचता येत होती. पण बाबांचं म्हणणं असं, की जे यंत्र कायम आपल्या पायांखाली राहणार त्याला आपली भाषा यायला हवी. विनोद करताना बाबा हसत नसत, त्यामुळे तो विनोद आहे की नाही हे घरात कधीच नक्की ठरत नसे... या घराला ऊब भिंतीवरून येत नाही, जमिनीतून येते. मागच्या पेटीत गॅसवर पाणी तापतं आणि बसायच्या खोलीच्या फळ्यांखालून, नळ्यांच्या वेटोळ्यांतून ते फिरत राहतं. शाळेतून आल्यावर मोजे काढून पहिलं पाऊल त्या फळ्यांवर टाकायचं, हे विभाच्या लहानपणाचं हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं सुख. धातूंना गंज कसा चढतो याच्या अभ्यासात आयुष्य घातलेले बाबा दरवर्षी नोव्हेंबरात त्या फळ्यांना कान लावून नळ्यांचा आवाज ऐकत आणि म्हणत, अजून एक हिवाळा काढेल.

गॅसच्या दुकानाच्या माणसाचं नाव मोरिता-सान. त्याने स्वतःच्या सपाता आणल्या होत्या, निळं कापड अंथरून त्यावर हत्यारं मांडली होती, आणि दोन्ही हातांनी माहितीपुस्तक पुढे करून दोन रस्ते समजावून सांगितले होते. एक, दुरुस्ती. पाणी फिरवणारा पंप थकला आहे, तेवढा बदलायचा; या यंत्राचे भाग आता बनत नाहीत, पण हा एक मिळेल, आणि मग काही हिवाळे काळजी नाही. दुसरा, सगळं नवं. त्यासाठी या खोलीतल्या फळ्या उखडाव्या लागतील, जुन्या नळ्या काढून नव्या घालाव्या लागतील, वर नवी जमीन. आणि हे सांगून झाल्यावर, घसा साफ करून, त्याने दुरुस्तीचीच शिफारस केली होती.

का केली? विकायला आलेला माणूस कमी का विकतो? विभाला वाटलं, ही पहिली पायरी असणार. आज प्रामाणिकपणा दाखवायचा, विश्वास बसवायचा, आणि पुढच्या हिवाळ्यात पंपानंतर दुसरं काही, मग तिसरं... ती त्याच्या मोज्यांकडे पाहत राहिली. पांढरे, स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. नळ्यांतून कुठेही पाणी मुरत नाही, असं तो म्हणत होता. आणि विभाला तर केव्हापासून वाटत होतं, की या घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

संशय हा काही तिचा स्वभाव नव्हता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असते तेवढी, माणसांच्या हेतूंविषयीची सभ्य उत्सुकता तिला होती. टोकियोच्या बँकेत तीच तिच्या कामाला येई. पण जानेवारीपासून त्या उत्सुकतेचं हे असं झालं होतं. बाबांना तपासायला घरी येणारे डॉक्टर निघताना फार खोल वाकले, का? प्राणवायूचं भाड्याचं यंत्र दुसऱ्याच दिवशी उचलून नेलं, इतकी घाई कसली? शैलेंद्रसुद्धा. नवरा म्हणून त्याने काही कमी केलं नव्हतं, पण आज सकाळी टोकियोजवळच्या इचिकावाच्या घरून त्याचा मेसेज आला होता – ‘रिप्लेसच कर. नाहीतर आईंना इकडेच आण, प्रश्नच मिटला.’ त्यातल्या ‘प्रश्नच’ वर ती बराच वेळ अडली होती. कुठला प्रश्न? कुणाचा?

मग मोरिता-सानने हत्यारं पुसत, कुणाला उद्देशून नाही अशा बेताने, ते वाक्य म्हटलं होतं. चालता चालता बंद पडलेलं हे यंत्र नाही. चालवलं नाही म्हणून आतलं पाणी हळूहळू आटलं, आणि पाणी आटलं म्हणून ते सुरू होईना. बंद पडलं नव्हतं, बंद ठेवलं होतं.

एवढं बोलून त्याने सांगितलं, की टेकडीवर वरच्या बाजूला आणखी एका घरी त्याचं काम आहे, ते आटोपून तो परत येईल. तोवर यंत्र चालूच ठेवा, हात लावू नका. पाण्याची पातळी टिकली तर फक्त पंपच थकलाय हे नक्की होईल. आणि तेव्हाच काय ते उत्तर द्या. त्याने कापड गुंडाळलं, सपाता पिशवीत घातल्या, आणि दार लागलं.

आई जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसली होती. समोर कागद पसरून शुनगिकूची पाती निवडत होती. कोबेत आल्यापासून हीच तिची मेथी. पीठ पेरून ती अशी भाजी करी, की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनाही ओळखू येत नसे. तिचे पाय जमिनीवर नव्हते, खुर्चीच्या आडव्या दांडीवर होते.

‘नवीनच घाल म्हणावं त्याला,’ आई म्हणाली. ‘उखडू दे सगळी जमीन.’

टोफूचे रिकामे डबे धुऊन ठेवणारी बाई. रबरबँड दाराच्या कडीला अडकवणारी, कुणी खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा मालवणारी. आणि ती म्हणते आहे, की चांगली धडधाकट जमीन उखडू दे. विभाच्या मनात पाल चुकचुकली. नाही, आता चुकचुकली नाही, ती जानेवारीपासून चुकचुकतेच आहे, आता फक्त भिंतीवर दिसली...

जानेवारी. बँकेतली बैठक, टेबलावर पालथा घातलेला फोन, त्याची थरथर. आईचा आवाज. विभा, हे गेले. तेवढंच, आणि मग मागे कसलाच आवाज नाही, प्राणवायूच्या यंत्राची घरघरही नाही – ती नाही हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं, गाडीत बसल्यावर आलं. शिंकान्सेनच्या खिडकीत दुपार मावळत गेली. शिन-कोबेहून टॅक्सी, चढ, दारात बूट काढले, आणि आत पहिलं पाऊल टाकलं... बाबा दिसायच्या आधी ते कळलं. पातळ मोज्यांतून तळव्यांना. जमीन बर्फासारखी होती. या खोलीची जमीन, जानेवारीत, बर्फासारखी. मग बाबा दिसले. चटईवर, उत्तरेला डोकं, ओठांवर तुळशीचं वाळकं पान. त्यांच्यामागे तो भाड्याचा विजेचा पलंग, अगदी खालपर्यंत उतरवलेला. अंत्यविधीचे लोक आले तेव्हा त्यांनी डोकं उत्तरेला पाहून माना हलवल्या. त्यांच्यातही तसंच करतात, त्यामुळे त्यांचं काम वाचलं होतं. मग नर्स आली, ओकादा-सान, आठवड्यातून दोनदा बाबांना पुसून काढायला यायची ती. तिने विभाचा हात धरला आणि इकडच्या रीतीने, दुसरंच काही सांगितल्यासारखं, सांगितलं की खोली जराशी थंड होती, नाही का.

आणि आई म्हणाली होती, सकाळीच बंद पडलं मेलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, थंडी लागता कामा नये. बाबांची फुप्फुसं वाळल्या स्पंजासारखी झाली होती. गार हवेने ती आणखी आवळत. आणि यंत्र नेमकं त्याच सकाळी बंद पडलं? ...विचारलं नाही. तेराव्याला नाही, मे महिन्यात आले तेव्हा नाही, रोजच्या फोनवर नाही. विचारायचं म्हणजे काय विचारायचं? तू मालवलंस का, दिव्यासारखं? आमच्या घरात असे प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. आमच्याकडे वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करून वाट पाहत.

‘आई, हे बंद पडलं नव्हतं.’

‘नव्हतं,’ आई म्हणाली. तिची बोटं थांबली नाहीत. एक पिवळं पान तिने बाजूला टाकलं.

‘मग?’

‘मी बंद केलं.’

इतकं सोपं. इतके महिने विभाने या वाक्यापर्यंत जाण्याचे निरनिराळे रस्ते आखले होते, आडवळणाचे, आईला न दुखवणारे, आईला कोंडीत पकडणारेही. आणि वाक्य इथे, भाजीच्या कागदावर, असं पडलेलं होतं. त्याने तिचा संशय कमी झाला नाही. जे इतक्या सहज दिलं जातं, त्यामागे काहीतरी न दिलेलं असतं.

‘का?’

‘उलटतपासणी घेतेयस,’ आई म्हणाली. ‘तुझे बाबाही घ्यायचे. पण ते आधी चहा करायचे.’

विभा उठली आणि चहा करायला गेली. करण्यासारखं तेवढंच होतं. आधण ठेवलं, आलं किसलं. खिडकीतून खाली उतरत गेलेल्या छपरांच्या पलीकडे बंदरातली एक उंच यारी दिसत होती, न हलणारी. पायांखाली काहीतरी होत होतं. ऊब. अजून फळ्यांच्या आत होती, वर आली नव्हती, पण येणार हे तळव्यांना कळत होतं – ती एक ओळखीची खळबळ. तिला स्वतःचाच राग आला, की तिला बरं वाटलं. ती पाण्याला उकळी फुटण्याची वाट पाहत होती आणि मनात हिशेब जुळवत होती. काटकसर? बाबांच्या जिवावर? नाही, आई इतकी... पण माणूस थकतं. तीन वर्षं रात्रंदिवस प्राणवायूची घरघर ऐकत बसणारं माणूस एका सकाळी उठतं आणि एक बटण दाबतं, मुद्दाम नाही, मुद्दाम नाही असंही नाही... असल्या गोष्टी तिने वाचल्या होत्या. वाचलेलं किती आणि आपलं किती, हे अलीकडे तिला नीट सांगता येत नसे.

चहाचे कप तिने टेबलावर ठेवले. आईने एक घोट घेतला, साखर कमी आहे असं न बोलता तोंडाने सांगितलं, आणि मग आपणहून बोलली.

‘ह्यांना खाली घ्यायचं होतं.’

विभाला कळलं नाही. मग कळलं. भुईवर घेणं. लहानपणी सुटीत पुण्याला गेल्यावर ते शब्द तिने मोठ्यांच्या बोलण्यात ऐकले होते, दार लोटून घेतलेल्या खोलीतून. माणूस जायला लागलं की त्याला पलंगावर राहू देत नाहीत, जमिनीवर आणतात. पलंग हा अधांतरी, तिथून जीव सुटू नये. ती भुई सारवायची, दर्भ पसरायचा, तोंडात गंगाजळ घालायचं. इथे सारवायला काही नव्हतं. देव्हाऱ्यातला सीलबंद गंगेचा गडू तेवढा होता. तो फोडलेला तिने त्या संध्याकाळी पाहिला होता, आणि सगळं नंतरच केलेलं असणार असं गृहीत धरलं होतं.

‘पण बंद कशाला करायचं?’

आईने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत, विभाला काही समजावून सांगावं लागलं की ती अशी पाहत असे, शिकलेल्या माणसाची कीव आल्यासारखी.

‘आपल्याकडे माणसाला भुईवर घेतात. तव्यावर नाही. खाली गॅस जळतोय, वर माणूस – ती काय भुई झाली?’

विभाला हसू आलं. खरोखर आलं, घशापर्यंत, आणि तिथेच अडकलं. बाबा असते तर त्यांनी ते कितीतरी दिवस पुरवून सांगितलं असतं, कोबेतल्या प्रत्येक मराठी घरी, न हसता. कसला धर्म न मानणारे बाबा, वर्षश्राद्धाला नेमकी परिषद काढणारे बाबा... त्यांना या बाईने पलंग खाली-खाली उतरवत नेऊन, चादरीसकट ओढून, तव्याची भुई करून तिच्यावर घेतलं. एकटीने. आणि मग, हसू घशातच असताना, आणखी एक गोष्ट कळली. ती हसण्यासारखी नव्हती.

‘म्हणजे गेल्यावर ना?’

‘भुईवर घेतात ते असतानाच, विभा. गेल्यावर उचलतात.’

दोघी चहा प्यायल्या.

तर ते असं होतं. इतके महिने ती एका दारावर पाळत ठेवून बसली होती आणि गोष्ट दुसऱ्याच दाराने निघून गेली होती. थंडीने गेले की काय, हा प्रश्नच नव्हता. ते जाणारच होते. त्या दिवशी जाणार होते, आणि हे आईला कळलं होतं, आधी, बटण दाबायच्या आधी. कळलं म्हणूनच दाबलं. म्हणजे बटण दाबणं आणि फोन येणं यांच्या मध्ये काही वेळ होता, बाबा असलेला वेळ, जमिनीवर श्वास घेत असलेले बाबा. आणि त्या वेळात मी बैठकीत होते. फोन पालथा होता, पण तो वाजलाच नव्हता. तो वाजला असता तर मी पाहिलं असतं.

‘मला तेव्हा का नाही फोन केलास?’

आईने कप खाली ठेवला. ‘केला असता तर तू तिथून अँब्युलन्स पाठवली असतीस.’

त्यात तक्रार नव्हती, माझ्या मुलीला साखर कमी लागते असं सांगावं तसं ती म्हणाली. आणि ते खरं होतं. विभाने बैठकीतून उठून, दारातच उभं राहून, आधी ओकादा-सानला फोन केला असता, मग आणीबाणीचा नंबर फिरवला असता, चोख जपानीत पत्ता सांगितला असता. त्या लोकांनी बाबांच्या तोंडात नळी घातली असती. डोंगराखालच्या हॉस्पिटलात, छताच्या पांढऱ्या चौकोनांकडे पाहत बाबा आणखी आठवडा, आणखी दोन आठवडे... आणि ती पोचली असती. तिला ते दोन आठवडे मिळाले असते. हे मनात आलं आणि तिने ते तिथेच ठेवलं, उलटून पाहिलं नाही.

‘बाबांनी तसं सांगितलं होतं का तुला? खाली घे म्हणून?’

‘सांगण्यासारखे राहिले होते का?’

‘किती वेळ होते?’

‘थोडाच वेळ,’ आई म्हणाली. आणि मग, पाती पुन्हा हातात घेत, ‘तू पोचली नसतीस.’

हे विभाने विचारलं नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर कोण देतं? ज्याने स्वतःला तो प्रश्न पुष्कळदा विचारला आहे तो. किंवा ज्याला तो पुढे येऊ द्यायचा नाही तो. थोडाच म्हणजे किती, असं तिने विचारून पाहिलं. घड्याळ कोण बघतंय, असं आई म्हणाली. त्या दिवशी ‘सकाळीच’ म्हणाली होती. आज ‘थोडाच वेळ’. सकाळपासून दुपारपर्यंत म्हणजे थोडाच? इचिकावाहून नाही, ऑफिसातूनच निघाले असते तर... सकाळी निघाले असते तर जेवायच्या वेळी इथे होते. मी इथे बसले असते, त्यांच्या उजव्या हाताला. अँब्युलन्स पाठवली नसती. नसती का? ...आणि फळ्या उखडू दे म्हणते. नवी जमीन घाल म्हणते. का नाही म्हणणार? त्या दिवसाचे खोलीत दोनच साक्षीदार होते, त्यातली एक आई आणि दुसरी ही.

जमीन. तिचं बोट आपोआप कपाच्या कानातून सुटलं. जमीन एकदम गार होत नाही. विभाला ते अंगाने माहीत होतं. परीक्षेच्या दिवसांत झोपायच्या आधी आई बटण बंद करी, आणि मग ती पुस्तक घेऊन फळ्यांवर पालथी पडून वाचत राही, कारण ऊब पुढे कितीतरी वेळ उरलेली असे. किती वेळ? ते आठवत नव्हतं. पुस्तक कुठलं ते आठवत होतं, पानाचा वास आठवत होता, आणि ऊब केव्हा संपे ते नाही. बहुतेक ती संपायच्या आधी झोपच लागत असे. पण त्या संध्याकाळी जमीन बर्फासारखी होती, हे तळवे शपथेवर सांगतील. म्हणजे ऊब लवकर विरत असेल, तर आई खरं बोलते आहे: फोनच्या थोडंच आधी बंद केलं, आणि मी गाडीत असताना जमीन गार झाली. पण ऊब टिकून राहत असेल, तासन्‌तास टिकत असेल...

ती उठली. मोरिता-सानने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, आणि सांगितल्याबाहेर जाणारी ती नव्हती. तिने ‘जमीन’ वर बोट ठेवलं आणि दाबलं. घरामागे पेटीने एक सुस्कारा टाकला.

‘तो चालू ठेवा म्हणाला होता ना?’ आईने विचारलं.

‘हो.’

खोलीच्या मधोमध, जिथे चटई होती तिथे, आता काहीच नव्हतं. पलंग नेल्यापासून आईने ती जागा मोकळीच ठेवली होती, टेबलसुद्धा भिंतीकडे सरकवलेलं. विभा तिथे बसली, आणि मग आडवी झाली, पाठीवर, हात दोन्ही बाजूंना, तळवे फळ्यांवर टेकवून. ऊब आता वर आली होती. सदऱ्यातून, मोज्यांतून, मानेखाली, सगळीकडून एकसारखी, कुणी मुद्दाम दिल्यासारखी. वर छत. डावीकडे टेबलाची खालची बाजू, तिथे एक जुना डिंकाचा ओघळ, आणि खुर्चीच्या दांडीवर आईचे पाय, एकावर एक.

ते पाय या जमिनीवर, बाबांना घेतलं त्या भुईवर, का येत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं. सकाळपासून तिला वाटत होतं, गुडघे दुखत असतील.

खुर्ची करकरली. आई तिच्याकडे पाहत होती. ती काय करते आहे हे आईला कळलं होतं की नाही, कोण जाणे. कळलं असेल. या घरात न कळण्यासारखं फारसं काही नसे.

‘अशी निजू नकोस,’ आई म्हणाली. ‘डोकं फिरव. उत्तरेला आलंय.’

विभा उठून बसली, फिरली, आणि पुन्हा आडवी झाली. आता देव्हारा डोक्याशी होता आणि खिडकी पायांशी. बाबांना याच्या उलट दिसलं असेल, दिसत असलं तर. देव्हारा पायांशी. की तो त्यांच्या नजरेआड असेल, आई मध्ये बसली असेल तर? कुठे बसली असेल? डाव्या हाताला, देव्हाऱ्यातून गडू आणायला जवळ. की डोक्याशी, मांडी देऊन? ती गडूचं सील नखाने काढताना, तिचं नख तुटताना... आईने नळी काढली असेल नाकातली, यंत्र बंद केलं असेल, घरघर थांबली असेल, आणि या खोलीत तीन वर्षांत पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नसेल. बोलली असेल का ती? काय बोलली असेल? भाजी काय करू, असं? आणि जमीन गार होत गेली असेल, त्यांच्याखाली तशी तिच्याही खाली. ती उठून खुर्चीवर बसली नसणार. शाल घेतली नसणार. हे विभाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि यावर तिला संशय घेता येत नव्हता. तिने घेऊन पाहिला, तो लागू होईना.

रस्त्यावरून एक गाडी चढ चढून गेली. मोरिता-सानची नव्हती, किंवा असेल. तो आला की दिवा विझलेला पाहील, काही बोलणार नाही, सगळं पहिल्यापासून करेल. आणि मग विचारेल, काय ठरवलंत. पंप बदलायचा, म्हणजे ही जमीन इथे राहील आणि आई पाय वर घेऊन आणखी काही हिवाळे काढील. उखडायची, म्हणजे आई पाय खाली ठेवील आणि विचारायला काही उरणार नाही. तिला दुरुस्तीच हवी होती, कालपासून, मोरिता-सानने शिफारस करायच्या आधीपासून. का हवी होती, ते तिला आता दिसलं. तिला या जमिनीला पुन्हा पुन्हा विचारता यायला हवं होतं.

तिने तळवे जरा सरकवले, जिथे ते टेकले नव्हते तिथे. ऊब होती. परीक्षेच्या दिवसांतली तीच, न संपणारी. ती कमी व्हायला हवी होती. थोडी तरी. विभा श्वास रोखून वाट पाहू लागली, आणि वाट पाहता पाहता तिच्या लक्षात आलं, की जमीन लवकर गार व्हावी म्हणून आपण एक पाय उचलून धरला आहे, अंगाची ऊब फळ्यांना लागू नये म्हणून. आपला सदरा पाठीखालून ओढून घेतला आहे, कापडाने ऊब धरून ठेवू नये म्हणून. की खिडकी उघडावी, त्या दिवशी ती उघडी असेल, कोण सांगावं, असं आपण मनाशी म्हणतो आहोत. साक्षीदार आपणच फोडतो आहोत. कुणाच्या बाजूने, हेही तिला समजलं, आणि तिने पाय खाली घेतला नाही.

‘विभा,’ आई वरून म्हणाली. ‘काय सांगायचं त्या माणसाला?’

‘थांब जरा,’ विभा म्हणाली. मग म्हणाली, ‘गार व्हायला लागलीय.’

‘इतक्यात?’

आईच्या आवाजात काय होतं, ते तिने ऐकलं नाही. ऐकायचं नाही असं ठरवलं. तिने डोळे मिटून घेतले.

‘हो,’ ती म्हणाली. ‘लवकर होते.’

पाठीखाली जमीन तशीच होती. ऊन.